जीप उंच केली त्याची हकीकत

निलंगा
रविवार, १५ डिसेंबर २०२४

तीर्थस्वरूप उमाक्का,

विरूपाक्षाचा शरणार्थ. इकडं सगळं ठीक आहे. तुझी भावजय शिवकन्या बरी आहे, दुकान चालू आहे, माझी साखर मी तपासत नाही म्हणून तीही बरीच असणार. तुझ्या गुडघ्याचं कळव. ऑपरेशनला वर्ष होत आलं, आता दुखायला नको.

फोन केला असता, पण फोनवर आपलं दोघांचं बोलणं तिसऱ्या वाक्याला चढतं आणि चौथ्याला कुणीतरी ठेवून देतं. पोळ्याला तू ठेवलास. म्हणून लिहितो आहे. कागदावर तुला मधे बोलता येणार नाही.

मोठी बातमी आधी सांगतो. जीप उंच केली. घरी, पत्र्याच्या शेडखाली, माझ्या हातानं. मूळ उंचीपेक्षा बरोबर तीन इंच, चारी कोपऱ्यांना सारखी, सुताचाही फरक नाही. ज्यांनी विचारलं त्यांना टेप लावून दाखवली. न विचारणाऱ्यांनाही दाखवली असं शिवकन्या म्हणते.

हे मी हौसेनं केलं. कुणासाठी केलं असं नाही. ओढ्यापल्याडचं तुझं रान आप्पासाहेबाला विकायचं तू पोळ्याला म्हणालीस, त्यावर या पत्रात मी एक अक्षर लिहिणार नाही. बापूंनी ते तुझ्या नावावर केलं, तुझं आहे, चुलतभावाला दे नाहीतर आणखी कुणाला दे. मी फक्त जीपचं सांगतो.

गेल्या येळवशीला, ऐन रानात पांडव पुजायच्या अमावस्येला, काय झालं ते तू पाहिलंस, पण का झालं ते तुला कुणी नीट सांगितलं नाही. बंधाऱ्याला दारं टाकली की ओढा फुगतो आणि उताराची वाट गुडघाभर पाण्याखाली जाते. पाण्याला आपली जीप भीत नाही. घोळ आहे तो पलीकडच्या चढावर. कारखाना सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्या जाऊन-येऊन काळ्या मातीत दोन चर पाडतात आणि मधे वरंबा उभा राहतो. ट्रॅक्टरचं पोट उंच, त्याला काही वाटत नाही. आपली चाकं चरात उतरली आणि मागच्या दोन चाकांमधला लोखंडी गोळा वरंब्यावर टेकला. चाकं फिरताहेत आणि गाडी बसलेली. तू मागं आंबिलीचं बिंदगं मांडीत धरून. आप्पासाहेबानं ट्रॅक्टर आणून आपल्याला मागं ओढलं, ते इकडच्याच काठाला. ट्रॉलीत बसा, पलीकडं सोडतो म्हणाला. तू बसली नाहीस. "दुसऱ्याच्या ट्रॉलीत बसून मी माझ्या रानात जायची न्हाई" म्हणालीस आणि घराकडं वळलीस. मी आदल्या दिवशी पायी जाऊन तुझ्या रानात कडब्याची कोप बांधली होती, आत पांडव मांडले होते. त्या वर्षी त्यांना आंबील मिळाली नाही.

असो. जीपचं सांगतो.

लोकांना वाटतं पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, उंच केले की गाडी उंच झाली. झाली, पण वरची. गोळा आहे तिथंच राहतो. गोळा उचलायचा तर टायर मोठे पाहिजेत. मोठे टायर घातले की ते मडगार्डला घासतात. घासू नयेत म्हणून पाटे उंच करायचे. हा क्रम ज्याला कळला त्यानंच गाडीखाली शिरावं. मला तो कुणी शिकवला नाही. आयटीआयचं तोंड न पाहता विहिरीतल्या मोटारींचं वाइंडिंग भरतो, त्याच डोक्यानं हेही उलगडलं. जे उघडता येतं ते कळतं, असा माझा हिशेब आहे.

पाटे लातूरला दस्तगीरभाईकडून बनवून घेतले. बसवायला घरी नेतो म्हणालो तर त्यानं गिऱ्हाइकांसमोर हात जोडले. "घर पे? करो, करो. बाद में टोचन करके इधरीच लाना." मी पाटे उचलून एसटीच्या टपावर टाकायला निघालो, तर कंडक्टर म्हणाला टपावर आता काही टाकता येत नाही. शेवटी भाजीच्या टेम्पोतून आणले. मेथीच्या जुड्यांखाली.

भाद्रपदात काम काढलं. जीप जॅकवर उचलली, खाली लोखंडी घोड्या लावल्या, चाकं काढली. जुने बोल्ट गंजून एकजीव झालेले. त्यांना रोज डिझेल पाजलं, रोज थोडं हलवलं, एकही तुटू दिला नाही. पुढचे पाटे बसल्यावर ब्रेकची रबरी नळी तारेसारखी ताणलेली दिसली. चाक खड्ड्यात लोंबलं असतं तर तुटली असती आणि ब्रेक गेला असता. लांब नळी आणून बसवली. मिस्त्रींच्या हातून हे सुटतं, माझ्या हातून सुटत नाही.

माझ्या हातून दुसरं सुटलं. तेही सांगतो, नाहीतर तुझा लेक आदिनाथ तुला सांगेल, आणि तो वाढवून सांगतो.

घटाच्या दिवसांत मागचे पाटे बसले. जीप अजून घोड्यांवर. आणि खंडेनवमी आली. आपल्याकडं त्या दिवशी हत्यारं पुजायची आणि दसऱ्याला सोनं वाटल्याशिवाय त्यांना हात लावायचा नाही, हे तुला काय सांगायचं. शिवकन्या आदल्या दिवशीच परात घेऊन शेडमध्ये उभी.

"पाने द्या."

दोन बोल्ट राहिलेत म्हणालो.

"तुमचे दोन बोल्ट मला म्हाईत हायत. द्या, धुऊन पुसून ठेवायचेत."

पाट्यांच्या टोकांच्या बोल्टांमध्ये रबराचे बुश असतात. ते बोल्ट आधी हातानंच लावून सोडायचे, जीप चाकांवर उतरवायची, तिचं वजन पाट्यांवर बसू द्यायचं आणि मग कसायचे. नियम मला ठाऊक होता. पण काम अर्धवट सैल ठेवून पाने देवापुढं ठेवायचे माझ्या जिवावर आलं. ज्या कामाचे पाने पुजायचे ते काम पुरं असावं असं वाटलं. घोड्यांवरच, पाटे लोंबत असताना, सगळे बोल्ट गच्च आवळले आणि पाने परातीत टाकले.

दसऱ्याला मोठे टायर चढवून जीप उतरवली, हार घातला, टेप लावली, तर साडेतीन इंच! हिशेबापेक्षा अर्धा इंच जास्त. मी पेढे वाटले.

मग दिवाळीपर्यंत काय झालं ते विचारू नको. जीप दगडासारखी कडक. गतिरोधक आला की सशासारखी उडायची. बाजारातून येताना शिवकन्या म्हणाली, "याच्यापेक्षा बैलगाडी बरी. निदान बैल वळून तरी बघतो." काही दिवसांनी मागच्या बाजूनं कुरकुर यायला लागली. गाडीखाली निजून पाहिलं तर बुशचं रबर पिळलेल्या फडक्यासारखं झालेलं. मी ते वाकडं असतानाच आवळून टाकलं होतं, ते बिचारं गाडीला वर ढकलून धरत होतं. जीप चाकांवर उभी ठेवून नट ढिले केले. टक्क असा आवाज आला आणि जीप अर्धा इंच खाली बसली, पेढ्यांसकट.

नवे बुश आणले, या वेळी नियमानं कसले. ज्यांना साडेतीन सांगितलं होतं त्यांना पुन्हा जाऊन तीन सांगितलं. ते जरा जड गेलं. पण गाडी आता अशी चालते की मागं बसलेल्याला झोप लागावी.

परवा शुक्रवारी ओढ्यावर नेली. मोकळी नेऊन काय उपयोग? येळवशीला जेवढं वजन असतं तेवढं भरलं. मागं सोयाबीनची पोती, पुढं शिवकन्या, तिच्या मांडीत बिंदगं, काठोकाठ पाण्यानं. "आंबील न्हाई, अमावस्या न्हाई, लोक मला येडी म्हणतील" म्हणाली. म्हणाली, पण बसली.

ओढ्यावर आप्पासाहेब हजर. ट्रॅक्टर चालू, साखळी खांद्यावर. त्याला कुणी सांगितलं मला माहीत नाही, पण मी सगळ्या निलंग्याला सांगितलं होतं, तेव्हा त्याचाही कान त्यात आला असणार. मी गाडी थांबवली नाही. पहिल्या गिअरला, चारी चाकांवर, पाण्यात घातली. पाणी हबच्या वर आलं, फुटबोर्डाला लागलं नाही. मग चढ. चर गेल्या वर्षीपेक्षा खोल होते, वरंबा माझ्या नडगीएवढा. खालून गवत घासल्याचा आवाज आला, फक्त गवताचा. लोखंड कुठं टेकलं नाही. गाडी बैठकीतून उठणाऱ्या म्हशीसारखी हळूहळू, एक-एक खांदा टाकत वर आली आणि तुझ्या बांधावर जाऊन उभी राहिली.

बिंदग्यातलं ओंजळभर पाणी सांडलं. खोटं कशाला बोलू. शिवकन्याच्या पदरावर सांडलं. तिनं बिंदगं खाली ठेवलं आणि माझ्याकडं बघून हसली. लग्नापासून माझ्या कुठल्या यंत्राकडं बघून ती हसलेली मला आठवत नाही.

तिथूनच बांधावर उभ्या जीपचा व्हिडिओ काढून दस्तगीरभाईला पाठवला. उत्तर आलं, "टोचन का रस्सा बेच डालूं क्या?"

तुझ्या रानात ज्वारी पोटऱ्यात आली आहे, अक्का. एवढी जोमदार मी बापूंच्या वेळेलाही पाहिली नव्हती.

आप्पासाहेब धोतर वर धरून पाण्यातून मागं आला. गाडीभोवती फिरला, वाकून पोटाखाली पाहिलं. मग म्हणाला, "गाडी आली, विरूपाक्षा. पर अक्का चढणार कशी हिच्यात? शिडी लागंल की."

मी याचीच वाट बघत होतो. सीटमागून पायरी काढली. तीन पायऱ्यांची, अँगलची, मी स्वतः वेल्ड केलेली. दाराला अडकवली की खाली उतरते, काम झालं की उचलून आत ठेवायची. बाजूला धरायला गोल पाइप, हाताला कड लागू नये म्हणून कानस मारलेला. आप्पासाहेब तिच्यावरून वर चढला, खाली आला, पुन्हा वर चढला. मग तिथंच पायरीवर बसला.

"अक्काच्या मापानं केलीस व्हय?"

मी म्हणालो, सगळ्यांसाठी आहे.

"सगळ्यांसाठी इतकी ठेंगणी पायरी कोण करतंय?" मग साखळी खांद्यावरून उतरवली, हातात गुंडाळली. "अक्काला म्हणावं, मी आता विचारायचा न्हाई. तिला वाटलं तर तिनं बोलवावं." आणि गेला. माणूस वाईट नाही. रान त्याच्या बांधाला लागून आहे, त्याला हवंसं वाटणारच.

आता त्यानंच ओळखलं, तर तुझ्यापासून लपवून काय करू? आदिनाथला सांगून तुमच्या उमरीच्या घरातल्या जिन्याची पायरी मोजून घेतली. तू रोज चढतेस तेवढीच, साडेसहा इंच. एकही जास्त नाही. पायरी तुझी आहे. टायर, पाटे, नळी, दोनदा बसवलेले बुश, सगळं तुझ्यासाठी आहे. हौसेचं मी खोटं सांगितलं. म्हणजे हौस होतीच, पण ती नंतर आली.

पोळ्याला तू म्हणालीस, "ज्या रानात मला पाय ठेवता येत न्हाई ते नावावर ठिवून काय करू?" प्रश्न रास्त होता. मला बोलून उत्तर देता आलं नाही. मी रागावलो, तू फोन ठेवलास, आणि मी शेडमध्ये जाऊन जॅक लावला.

बापू गेले, अव्वा गेली. निलंग्यात तुझं आता काय आहे? मी आहे, पण एका ताटावर बसलो की आपण भांडतो, तेव्हा निव्वळ माझ्यासाठी तू येशील असं मी धरत नाही. तू येतेस ती त्या रानासाठी. ते गेलं तर तुला यायचं कारण राहणार नाही, आणि मला तुला बोलवायचं. एवढंच मला सांगायचं होतं. एवढ्यासाठी तीन इंच लागले.

शनिवारी, अठ्ठावीस तारखेला, सकाळी उमरीला येतो. आदिनाथच्या गाडीतून यायचं नाही, एसटीनं तर नाहीच. जीप दारात लावीन, पायरी लावीन. शाल घे, जीपला बाजूच्या काचा नाहीत. सोमवारी येळवस. कोप मी बांधून ठेवतो. तू आंबिलीचं बिंदगं घेऊन तुझ्या रानात उतर, पांडवांना नैवेद्य दाखव, कोपीला फेरा घाल. मग ज्वारीत उभी राहून ठरव. तिथं उभी राहून विकते म्हणालीस तर मी स्वतः आप्पासाहेबाच्या घरी जाऊन त्याला बोलावून आणतो. पण उमरीत बसून, न चाललेल्या रानाचं, फोनवर ठरवायचं नाही.

तुझ्या लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला बापूंनी मला मुराळी करून तुला आणायला पाठवलं होतं. एसटीत उलट्या करत आलो होतो आणि तुझ्या सासूबाईंनी मला लिंबू दिलं होतं. या वेळी लिंबू लागणार नाही. गाडी मी चालवणार आहे, आणि ती माझी आहे, आणि ती कुठंच टेकत नाही.

नको म्हणायचं असेल तर दारात येऊन म्हण. मी आलेलो असेन.

तुझा मुराळी,
विरूपाक्ष