इदिरच्या आईचे अक्रोड

रविवार, संध्याकाळ. स्कोफिल्ड्स, सिडनी.

इदिरचा मेसेज आलाय. ‘आई विचारतेय, अक्रोड आवडले का?’ आता काय सांगू?

गुरुवारी मोरोक्कोत दिवसभर त्याच्यामागून देवदारांच्या जंगलात चढत होतो, आई आणि मी. तो आमचा गाइड, तिथल्याच डोंगरातल्या अमाझिग लोकांपैकी. उन्हात तापलेल्या खोडांचा काय वास होता! दुपारी आईने बेसनाच्या लाडवांचा अख्खा डबाच त्याच्या हातात दिला. “घरी ने रे, आईला दे.” चक्क मराठीत! संध्याकाळी गडी हॉटेलवर हजर. डबा लख्ख घासलेला आणि अक्रोडांनी गच्च भरलेला. म्हणाला, भांडं रिकामं परत करायचं नाही, असं आई म्हणते. आमच्या आईला भरूनच आलं. “बघ, आपल्यासारखीच की गं!”

आणि आज सिडनी एअरपोर्टवर तोच डबा. डिक्लेअर केला होता, पण कवचासकट अक्रोड चालत नाहीत. तपासणीवाल्या मुलीने सगळे काढून घेतले आणि डबा परत दिला. आई हातच पुढे करेना. “रिकामा कसा घेऊ?” मागे ही रांग! मी लाजत लाजत त्या मुलीला इंग्रजीत समजावलं. ती हसली. काय आणू नये याचं एक पत्रक घडी करून डब्यात ठेवलं, झाकण लावलं. “नो वरीज. आता भरलेला आहे.”

मग इदिरला नुसतं ‘छान होते’ म्हणू का? आईलाच विचारलं. ती डबा पत्रकासकट फळीवर ठेवत होती.

“खरं ते लिही. आणि हेही लिही, त्या पोरीनेसुद्धा डबा रिकामा नाही दिला.”