मिसुझूची चार वर्षांपूर्वीची जांभई

ताकासाकी, ९ ऑक्टोबर १९७९

सौ. हात्सुए ताईला धाकट्या मिनेओचा, चटईला कपाळ टेकवून, नमस्कार.

तुझी कंबर कशी आहे? थंडी आल्याचं तिला तुझ्याआधी कळतं, म्हणून आधी तिची चौकशी. भाऊजींनी तो दात काढला का, की अजून मुहूर्तच बघताहेत? दुकानातली ती खालीवर होणारी खुर्ची अजूनही अर्धी दाढी झाली की गिऱ्हाइकाला घेऊन खाली बसते का? तुमच्या साकाता गावात नवा तांदूळ आला असेल. (पाठवलास तर मी नको म्हणणार नाही, पण मी मागितलेला नाही, हे लक्षात असू दे.) मी ठणठणीत आहे. केस सोडले तर सगळं जागच्या जागी आहे.

तू गेल्या पत्रात विचारलं होतंस, की तुमच्या गल्लीतली पोरं ‘नाकाला हात लावू नका!’ असं ओरडत कवायतीसारखं काय नाचतात, आणि टीव्हीवर त्या चार मुलींच्या मागे गिटार घेऊन उभा असलेला टकल्या मीच का. हो ताई, मीच. आता मासिकांतून या मुलींची जी जन्मकथा छापून येते तिच्यावर विश्वास ठेवू नकोस. म्हणे पाच मुलींना एकाच रात्री एकच स्वप्न पडलं आणि त्या देवळाच्या पायरीवर भेटल्या. तसलं काही नाही. त्यांना गमबुटांनी एकत्र आणलं.

झालं असं. आमचा वाद्यवृंद गरम झऱ्याच्या हॉटेलात वाजवायचा, हे तुला माहीत आहे. पुढे त्या हॉटेलचा झराच आटला. (मालकानं आठवडाभर बंबातलं पाणी सोडून पाहिलं, पण एका म्हाताऱ्या पाहुण्याला साबणाचा वास आला.) आम्ही वाद्यं घेऊन रस्त्यावर. तेव्हा कोमागाता नावाच्या गृहस्थांनी हात दिला. त्यांचा इथे डोंगरात कोन्न्याकुचा कारखाना आहे. कंद उकडायचे, वाटायचे, आणि ती राखाडी थुलथुलीत वडी पाडायची, तेच काम. कारखान्याला पन्नास वर्षं झाली म्हणून त्यांना कामगार मुलींकडून गाणं बसवून हवं होतं. पाकिटं भरणाऱ्या चाळीस मुली होत्या, पण मालकांना सगळ्या एकसारख्या दिसायला हव्या होत्या आणि कोऱ्या पांढऱ्या गमबुटांचे एकाच मापाचे पाचच जोड शिल्लक होते. ज्यांचे पाय बसले त्या गायिका झाल्या. गळा कुणाचा बघितलाच नाही.

नाव पडलं ‘पुरुपुरु फाइव्ह’. (वडीला बोटानं टोचलं की ती जशी हलते, ते पुरुपुरु.) पाचव्या मुलीला तिसऱ्याच दिवशी दातांच्या दवाखान्यात नोकरी लागली आणि ती गेली, पण तोवर फलक रंगवून झाले होते. मालक म्हणाले, “राहू दे. पाचवी कुठंय म्हणून लोक पुन्हा पुन्हा मोजतील, तेवढंच जास्त बघतील.” राहिलेल्या चौघींत नोबुए पुढारी. तिचा आवाज असा, की उकळत्या कढया मधे असूनही पलीकडच्या गोदामातला माणूस ‘ओ’ देतो. सगळ्यांत लाजाळू मिसुझू. तिच्याबद्दल पुढे सांगतो, कारण सगळं तिच्यामुळेच झालं.

गाणं जिल्ह्याच्या रेडिओवर लागलं, कुणी कुणी गुणगुणू लागलं, आणि टोकियोहून रेकॉर्ड कंपनीचा हिराइवा नावाचा माणूस उतरला. त्याला मुली पसंत पडल्या. आम्ही नाही पडलो. म्हणाला, “हे मागे उभे राहिले की वाटतं, मुलींचे बाप त्यांना घरी न्यायला आलेत.” आमचा ड्रमवाला मोरोबोशी हळव्या मनाचा, तो तिथल्या तिथे रडला. हिराइवानं टोकियोतल्या वादकांकडून संगीत वाजवून घेतलं, त्यावर मुलींचे आवाज चढवले आणि सगळं फितीवर भरलं. टीव्हीवरच्या थेट कार्यक्रमात ती फीत लागणार, मुली ओठ हलवणार, आणि आम्ही मागे वायरी काढलेली वाद्यं घेऊन हसत उभे राहणार. मोरोबोशीच्या टिपऱ्यांना तर त्यानं कापूस गुंडाळला. वर असंही सांगितलं, की हा तुमचा शेवटचा कार्यक्रम, पुढच्या आठवड्यापासून मागे तरणी पोरं उभी राहतील.

ताई, मी चोवीस वर्षं वाजवतोय. लग्नांत वाजवलंय, आगीच्या बंबाच्या उद्घाटनाला वाजवलंय, एकदा तर बोट सुटून गेल्यावर रिकाम्या धक्क्यावर वाजवलंय. पण न वाजवता हसायला कुणी सांगितलं नव्हतं. कार्यक्रमाच्या दिवशी जेवणाचा डबा उघडला आणि तसाच बंद केला. (नंतर खाल्ला. तळलेली कोळंबी होती.)

हिराइवाचा आमच्यावर काडीचा विश्वास नव्हता. फितीला कुणी हात लावायचा नाही, अशी तंबी देऊन त्यानं ती आदल्या दिवशी कारखान्याच्या कचेरीतल्या कपाटात ठेवली आणि सकाळी स्वतःच्या हातानं काढून आणली. त्या कपाटात तसल्याच राखाडी खोक्यांत काकेइ मुकादमांच्या फिती असतात, हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि आम्हाला कुणी विचारलं नाही. काकेइ मुकादम एकसष्ट वर्षांचे, कडक. कारखान्यात रोज सकाळी आठला दहा कमी असताना कर्ण्यावर त्यांची फीत लागते आणि चाळीसही मुली ओळीत उभ्या राहून कवायत करतात. ही फीत चार वर्षांपूर्वी कवायत चालू असतानाच भरली होती. नेमकी त्या दिवशी मिसुझूला जांभई आली आणि मुकादमांचं ओरडणंही फितीत गेलं. तेव्हापासून बिचारी रोज त्याच जांभईबद्दल बोलणी खाते आणि रोज कमरेत वाकून माफी मागते.

तर ताकासाकीचं सभागृह गच्च भरलेलं, कॅमेऱ्याचा लाल दिवा लागलेला, मुली नारिंगी झग्यांत उभ्या. निवेदकानं नाव पुकारलं. फीत सुरू झाली. आधी खाकरणं ऐकू आलं. मग मुकादमांचा आवाज: “शुभ प्रभात. केस टोपीत! हात वर! एक, दोन...”

ताई, चौघींचे हात वर गेले. नोबुए नंतर म्हणाली, “मी कुठं वर केले? ते आपले आपण गेले!” गुडघे वाकले, कमरा वळल्या, एका मापात, जशा एका साच्यातून काढलेल्या. टोकियोच्या नाचाच्या मास्तरणीला दोन महिन्यांत जे जमलं नव्हतं, ते मुकादमांनी केलं. “नाकाला हात लावू नका! फरशी ओली आहे, सावकाश!” आणि मग, “मिसुझू! जांभई!” मिसुझू पुढे आली आणि साऱ्या देशासमोर कमरेत वाकली. लोक असे हसले की छताचे दिवे हलले.

तेवढ्यात माझ्या मागे फर्रकन आवाज झाला. मोरोबोशीनं दातांनी टिपरीवरचा कापूस फाडला होता. त्यानं मुकादमांच्या ‘एक, दोन’वर ठेका धरला. मी वायर शोधू लागलो, तर तिच्यावर हिराइवा उभा, पांढराफटक.

“साहेब, पाय काढा.”

“पडदा पाडा! पडदा पाडा!”

“पडदा नंतर पाडा, आधी पाय काढा!” म्हणत मी वायर ओढली. पाय निघाला, पाठोपाठ हिराइवाही निघाला, आणि जाहिरातीसाठी मांडलेल्या वड्यांच्या परातीत जाऊन बसला. (तो बसल्यावर जे हललं, ते खरं पुरुपुरु.) मग आम्ही वाजवलं. काय वाजवलं ते विचारू नकोस, पण सूर एकही चुकला नाही. दुसऱ्या कडव्याला, म्हणजे मानेच्या व्यायामाला, पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या उठून कवायत करू लागल्या. शेवटी अख्खं सभागृह. मोरोबोशी वाजवत होता आणि रडत होता.

दुसऱ्या दिवशी हिराइवानं वर्तमानपत्रांना सांगितलं, की हे सगळं त्यानंच ठरवलं होतं. आम्हाला मात्र कुणी काढलं नाही. रेकॉर्ड करायची ठरली तेव्हा मुकादम टोकियोला जाईनात. म्हणाले, “ओली फरशी नसताना ‘फरशी ओली आहे’ मी म्हणणार नाही.” म्हणून यंत्रं कारखान्यात आली. फरशी ओली केली. पण कुणी जांभई दिल्याशिवाय ते जांभईचं वाक्य बोलेनात, आणि मिसुझूला काही जांभई येईना. अकरा दिवस आम्ही तिला अंगाई वाजवून दाखवली. बाराव्या दिवशी मुकादम गरजले, “हिराइवा! जांभई!” तीच रेकॉर्ड तू ऐकतेस. मिसुझू मात्र रुसली. आयुष्यात पहिल्यांदाच मोठ्यानं बोलली: “चार वर्षं मी वाकतेय, आणि माझं वाक्य ह्यांना?” आता प्रत्येक कार्यक्रमात ते वाक्य तिच्याच नावानं घेतात, आणि ती हसत वाकते.

रेकॉर्डच्या पाकिटावर मागच्या बाजूला, मुंगीएवढ्या अक्षरांत, आम्हा वाजवणाऱ्यांची नावं आहेत. मोरोबोशी ती भिंग लावून रोज वाचतो. मीही वाचतो, पण भिंगाशिवाय. पाठ झालीत.

कळावे, लोभ आहेच, तो टिकवावा.

तुझा
मिनेओ

ता. क. आईला ही रेकॉर्ड माझी आहे असं सांगू नकोस. मी बँकेत लागलो असं तिला वाटतं.

ता. क. दुसरं. आमच्या अकॉर्डियनवाल्या ओनोदेराबद्दल मी पत्रात अवाक्षर लिहिलं नाही, कारण तो परवा सासऱ्याचं मासळीचं दुकान सांभाळायला निघून गेला. मी मालकांना सहज बोललो, की माझी ताई शाळेत असताना अकॉर्डियन वाजवायची. त्यांनी फलकांवर तुझं नाव छापून टाकलं. फोटो हवा होता, माझ्याकडे तुझा चौदाव्या वर्षीचा होता, तोच दिला. येत्या रविवारी कार्यक्रम आहे. तीनच सूर लागतात, ते तुला येतात.

ता. क. तिसरं. हे पत्र पोचेपर्यंत मोरोबोशी तुला न्यायला तिथे आलेला असेल. खुर्चीत डोळे पुसत बसलेला लांब केसांचा माणूस दिसेल, तोच. तो केस कापायला आलेला नाही. पण कापलेस तर उपकार होतील.