परसातलं मीठ

मोरवा, भाईंदर पश्चिम
१२ जून २०२५

गुणवंतदादास,
प्रभूत सलाम, वि. वि.

सहा वर्षांनी लिहितेय. तुझी मिनल म्हणाली, बाबांना आता फोनवर काही ऐकू येत नाही. म्हणून कागद घेतला.

काम परसाचं आहे. गेल्या वर्षी उधाणाला खाडीचं पाणी आत शिरलं. यतीनच्या हातचा मोगरा गेला, वांगी गेली. मी नर्सरीतून दहा गोणी लाल माती आणून वर पसरली आणि पुन्हा रोपं लावली. महिनाभर छान दिसली, मग पानांच्या कडा करपल्या. मातीवर पांढरी पापडी धरते. तू जन्म शेतकी खात्यात काढलास, म्हणून विचारते.

रसिका


संगमनेर
१९ जून

चि. रसिकास,
अ. आ.

पत्र दोनदा वाचलं. तुझं अक्षर अजून आईसारखंच आहे.

खारवटलेल्या जमिनीवर चांगली माती टाकून भागत नाही. मीठ खालीच असतं, ऊन तापलं की ओलीबरोबर वर येतं. आधी उताराच्या बाजूला हातभर खोल चर खण. मग शेणखत मिसळ आणि पाऊस पडू दे. गोडं पाणी मुरत जाईल तसं मीठ चरातून निघून जाईल. वाट दिली नाहीस तर ते तिथंच राहील. घाई करू नकोस, आणि गुडघे सांभाळून खण.

वहिनीचा सलाम.

तुझा दादा


मोरवा
३ ऑगस्ट

दादास,
स. सलाम.

चार संध्याकाळी लागल्या, पण चर खणला. खणताना मी तुझ्याशी भांडत होते, चांगली मोठ्याने. शेजारच्या भाभीने भिंतीवरून विचारलं, किससे बात कर रही हो. मी म्हटलं, मेरे भाई से.

माझा नवरा गेला, आणि यतीनच्या मातीला तू आला नाहीस. पुढच्याच रविवारी चर्चमध्ये मी सगळ्या मंडळीसमोर सांगितलं, भावाला क्षमा केली. पाळकसाहेबांनी माझं कौतुक केलं. पण तेव्हापासून तुझं नाव निघालं की मी ताटावरून उठते. तुझं पत्र वाचलं आणि कळलं, मीही नुसती वरून माती टाकली होती. क्षमा केली म्हणाले, पण प्रभूलासुद्धा आत बघू दिलं नाही.

म्हणून आज विचारते. शेवटचे दोन महिने तो म्हणत होता, दादांना बोलव, त्यांनी प्रार्थना केली की बरं वाटतं. तू का आला नाहीस? उत्तर कसंही असलं तरी लिही.

रसिका


संगमनेर
१६ ऑगस्ट

चि. रसिकास,
अ. आ.

आठ दिवस सबब शोधत बसलो. सापडली नाही.

यतीनरावांना त्या अवस्थेत बघायची मला भीती वाटली. पुढच्या आठवड्यात जाऊ, असं म्हणत राहिलो. ते गेल्याचं कळलं तेव्हा एसटीने कल्याणपर्यंत आलो होतो. स्टँडवर दोन तास बसलो. तुला कोणत्या तोंडाने भेटू ते कळेना, आणि परत फिरलो. घरी सांगितलं, गाडी चुकली. वहिनीलाही खरं आजच सांगितलं. ती शेजारी येऊन बसून राहिली.

क्षमा कर असं मी म्हणणार नाही. एवढंच विचारतो, आता येऊ का?

गुणवंत


मोरवा
९ सप्टेंबर

ती. दादास,
स. सलाम, वि. वि.

ये एवढंच कार्डावर लिहिलं होतं, आणि तू लगेच निघालास. आज तू जाऊन चार दिवस झाले.

कबरस्थानात तू ओल्या गवतात गुडघे टेकलेस आणि सहा वर्षांपूर्वी राहिलेली प्रार्थना केलीस, इतक्या मोठ्याने की रखवालदार बघायला आला. घरी आल्यावर मी मनातलं सगळं बोलले, तेही तुझ्या कानाशी ओरडून. सगळ्या आळीने ऐकलं असेल. तू मान खाली घालून ऐकत राहिलास आणि मग चहा मागितलास. तो चहा मला करावासा वाटला, दादा. त्याचंच मला नवल वाटतं.

परसात कडेकडेने चवळई उगवलीये. मोगरा एवढ्यात लावत नाही.

तुझा वाचायचा चष्मा इथे खिडकीत राहिला. मिनल म्हणते कुरियर कर. मी करणार नाही. येऊन घेऊन जा, आणि वहिनीला बरोबर आण.

माया राहू दे.

तुझी रसिका