जेवणाआधीची शांतता

फिलाडेल्फिया,
अकराव्या महिन्याची चौथी तारीख, १८३४

प्रिय तबिथा,

तुझं पत्र आणि सफरचंदाचा मुरंबा, दोन्ही पोचलं. तुझ्या रूथवहिनीचा खोकला उतरलाय. माझे गुडघे मात्र बर्फ पडायच्या आधीच कुरकुरू लागलेत.

तुझा लेव्ही पुढच्या आठवड्यात तुरुंगातून सुटतोय. मीच त्याला गाडीतून घेऊन येईन. अंगाने बरा आहे. जोडे फार सुबक शिवतो.

"अजून तसाच बडबड्या आहे का?" असं तू दोनदा विचारलंस. दोन्ही वेळा मी हवापाण्याचं लिहिलं.

घोडा चोरल्याबद्दल त्याला या नव्या तुरुंगात पाठवलं, तेव्हा आपण दोघांनी देवाचे आभार मानले होते. जुन्या तुरुंगात दारू, चाबूक, एकेका खोलीत तीस माणसं कोंबलेली. इथे प्रत्येकाला एकट्याची स्वच्छ खोली, बायबल, छतातून उजेड, आणि बोलायला मनाई. कुणी मारणार नाही, कुणी बिघडवणार नाही. आपल्या मूक प्रार्थनेच्या सभेत तासभर गप्प बसून आपल्याला जे मिळतं, ते पोराला रात्रंदिवस मिळेल, असं वाटलं.

काल कैद्यांना भेटणाऱ्या समितीतर्फे तुरुंगात गेलो होतो. पहारेकरी डोलन बुटांवर लोकरी मोजे चढवून चालतो, कैद्यांना पावलं ऐकू जाऊ नयेत म्हणून. म्हणाला, "घरीही तीच सवय लागलीय. बायको किंचाळते, मेल्या, भुतासारखा मागे येऊन उभा राहू नकोस!"

लेव्ही जोडा शिवत होता.

"लेव्ही, मामा आलाय."

मान वर झाली नाही.

"आई वाट बघतेय रे तुझी."

त्याने आरीने भोक पाडलं, दोरा ओढला. मी खांद्यावर हात ठेवला, तसा भिंतीला चिकटला आणि ओठ गच्च मिटून घेतले.

बरोबर समितीचे म्हातारे हॅलोवेल होते. त्यांचे डोळे भरून आले. "बघ एनॉस, किती शांत झालाय! आपल्या सभेत तरी असं बसतं का कुणी? सुधारला पोरगा."

"तो शांत नाही झालेला. त्याचं बोलणं गेलंय."

"तुझा भाचा ना, म्हणून जीव तुटतोय तुझा."

बाहेर पडताना डोलन हळूच म्हणाला, "पहिल्या हिवाळ्यात भिंतीशी बोलायचा. आम्ही ताकीद दिली. मग तेही थांबलं."

तबिथा, मी सभेला अजून जातो. शांततेत देव भेटतो यावरचा माझा विश्वास गेलेला नाही. पण तिथे आपण आपल्या पायांनी जाऊन बसतो, आणि दाराला कुलूप नसतं.

एवढं कर. तो घरी येईल त्या दिवशी जेवणाआधी प्रार्थनेसाठी डोळे मिटून गप्प बसू नकोस. भांडी आपट. कोंबड्यांवर ओरड. तो लहान असताना चिडायचीस तशी त्याच्यावर चीड. देव समजून घेईल.

मीही वाटभर बोलत येईन. फाटकाशी आवाज ऐकू आला की धावत येशील, म्हणून आधीच सांगून ठेवतो. तो आवाज माझ्या एकट्याचाच असेल.

तुझा भाऊ,
एनॉस