टोप काढायचा रिवाज

गुरुजी, तक्रार आहे, आणि ती सेफ्टी पिनांबद्दल आहे. हल्लीची पिन नऊवारीच्या घडीतून जाताना मान टाकते, मग ऐन प्रवेशात पोटाला टोचते आणि नायिकेचा विरहाचा हुंदका मीलनाच्या प्रसंगात बाहेर पडतो. माझे सध्याचे रंगमंचावरचे आर्यपुत्र वीज कार्यालयात नोकरीला असतात, त्यांना फरक कळला नाही. तुम्ही असता तर म्हणाला असता, "पोट आत घे, पिनेला नावं ठेवू नको."

नेसायला तुम्ही मला स्वयंपाकघरात शिकवलंत, कारण घरातला मोठा आरसा तिथल्या कपाटाला होता. तुम्ही काष्टा आवळताय आणि काकू भाकरी थापता थापता मागे वळून म्हणतायत, "अहो, श्वास घेण्यापुरती तरी जागा ठेवा पोराला." पहिल्या प्रयोगानंतर मी बायकी केसांच्या टोपासकट प्रेक्षकांत मिरवायला निघालो, तेव्हा तुम्ही मला दंडाला धरून विंगेत ओढलंत. वर्गात तुमची भाषा इतकी संस्कृत, की शिपायालासुद्धा तुम्ही 'कृपया' म्हणायचात. पण रागात तुमच्या कोडोली गावची बोली बाहेर पडली. "टोप काढ आधी! खाली कोण हाय ते दिसू दे लोकास्नी." घरी जाताना मात्र हळूच म्हणालात, "नाटकात बायकांची कामं करतो म्हणून बाजारात मला काय काय हाका मारल्यात, तुला ठाऊक न्हाय." तेव्हापासून शेवटच्या नमस्काराला मी टोप उचलतो, टक्कल दाखवतो आणि जाड्या आवाजात "नमस्कार, मंडळी" म्हणतो. एवढा हशा अख्ख्या नाटकात मिळत नाही. मला तो आवडतो, हेही सांगून टाकतो.

यंदाच्या संस्कृत नाटकात माझ्या सखीचं काम एक बाई करते. जन्मली मुलगा म्हणून, आता बाई म्हणून जगते. गांधीनगरला कापडाच्या दुकानात कामाला आहे. संस्कृत उच्चार माझ्या निम्म्या विद्यार्थ्यांपेक्षा बरे, आणि वेणी स्वतःची. आजऱ्याच्या प्रयोगाला कपडे बदलायची खोली रस्त्यापलीकडच्या शाळेत होती. आम्ही दोघं नटूनथटून रस्ता ओलांडतोय, तर टपरीवरच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या, नको त्या हाका मारल्या. आमच्यातलं कोण कोण आहे हे त्यांना कळत नव्हतं, कळून घ्यायचंही नव्हतं. मी पदर सावरून चालायला लागलो. ती थांबली. "काय रं, घरात आईलाबी अशीच शिट्टी मारतोस व्हय? सर हाईत ते. बाजूला हो." पोरं बाजूला झाली. मी 'सर' आहे हे मला त्या दिवशी तिने सांगितलं म्हणून आठवलं.

आणि त्याच प्रयोगाच्या शेवटी मी टोप काढला. हशा झाला. मग मागून कुणीतरी ओरडलं, "दुसरीचा बी काढा की!" दुसरा म्हणाला, "वढा ती येणी, बघू खरी हाय का!" ती हात जोडून उभी होती, नमस्कार संपला तरी हात तसेच. माईक माझ्यापुढे होता. एक वाक्य पुरलं असतं, मराठीतही चाललं असतं. मी हसलो, गुरुजी. मोठ्याने नाही, मंडळी हसतायत तर आपणही हसावं, इतपत. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि पडदा पडला.

पुढच्या तालमीला ती आली, याचंच मला नवल वाटलं. माझा अंबाडा बसवताना म्हणाली, "सर, एक सांगू? रागवायचं न्हाय. बिद्रीच्या प्रयोगाला टोप काढू नका."

मी लगेच सुरू झालो. परंपरा, औचित्य, नटाचं कौशल्य प्रेक्षकाला दिसलं पाहिजे, जे हाताला लागलं ते. तिने सगळं ऐकून घेतलं.

"तुमचं निघतंय म्हणून ती कला, सर. माझं काय निघायचं? तुम्ही काढला की सगळी माझ्याकडं बघत्यात." मग केसांचा एक आकडा दातांत धरून, "आणि तसंबी तुमचं टक्कल बघायला कोण तिकीट काढतंय?"

"बघू," मी म्हणालो. ज्याला व्याख्यानं द्यायची इतकी हौस, त्याचं उत्तर एवढंच.

उद्या बिद्रीचा प्रयोग. ती त्या हाकांपुढे थांबून बोलली. तुम्ही त्याच हाकांना भिऊन टोप काढायला शिकलात, आणि मी त्या भीतीला परंपरा म्हणत आलो. मला वाटणारी काळजी तिच्याबद्दल नाहीच. टोप तसाच ठेवून मी तिच्या शेजारी उभा राहिलो, तर लोक मला तिच्यासारखाच समजतील, आणि परवा बँकेत, भाजी घेताना, शाळेच्या दारात तसंच बघतील, ही आहे. तुम्ही आता नाही, तेव्हा हे पत्र कुठे टाकायचं हा प्रश्नच नाही. पण खरं सांगतो, तुमचा "काढ" एवढा एक शब्द ऐकू यावा, म्हणजे दोष तुमच्यावर जाईल, या आशेनेच मी लिहायला बसलो होतो.