दाराआडचं वाक्य

अहो,

मायना काय लिहावा इथेच अडले. बायकोने नवऱ्याला 'तीर्थस्वरूप' लिहायचं असतं म्हणे, पण आपण एकमेकांपासून एवढे लांब कधी राहिलोच नाही की पत्राची वेळ यावी. तेव्हा घरात मारायचे तीच हाक मारते.

लिहायचं कारण असं, की भाऊजी आज सकाळच्या सर्व्हिस मोटारीने जामखेडला परत गेले. एकटेच. मी गेले नाही. तुमच्या धाकट्या भावाला मी एकटंच माघारी पाठवलं, हे तुमच्या कानावर दुसऱ्या कोणाकडून जायला नको!

तुमचे दिवस झाले, पाहुणे पांगले, आणि भाऊजी मला न्यायचं म्हणून मागे थांबले होते. जामखेडला जाऊबाई आहेत, मुलं आहेत. माझं राहुरीचं माहेर तर आईबरोबरच संपलं. "वहिनी, इथं नगरात कोणाच्या आधाराने राहणार?" असं ते म्हणाले, त्यात त्यांचं काय चुकलं? मी मुकाट्याने ट्रंक भरायला घेतली. काल संध्याकाळी शेवटचं लुगडं घडी करत होते, तेवढ्यात ओसरीवर पायताणं वाजली. तुमचे विद्यार्थी! सुतक म्हणून इतके दिवस बिचारे आले नव्हते.

विद्यार्थी तरी कसले, चांगले मिशीवाले बाप्ये. लढाई सुरू झाली, कँप गोऱ्या सोल्जरांनी भरला, आणि ज्याला त्याला तिथे काम मिळवायला इंग्रजी हवं झालं. शाळेत दिवसभर घसा फोडून यायचात, तरी संध्याकाळी ओसरीवर पुन्हा उभे! मी रागवायचे. तुम्ही म्हणायचात, "अगं, शाळेतल्यांना मी शिकवतो. हे शिकतात."

तुमची रीत मात्र जगावेगळी होती. "हॅपी, सॉरी, अफ्रेड, रेडी. या चार खुंट्या. पुढे 'टु' लावा आणि आपापला सदरा टांगा." अट एकच. वाक्य स्वतःचं हवं आणि खरं हवं. "खोटं बोलायचं असेल तर मराठीत बोला, तिला सवय आहे!" यावर सगळे हसायचे, आणि मग एकेकाचं हसू थांबायचं.

आठवतो ना कोंडिबा? जामखेडकडचा, पाऊस नाही म्हणून शेत टाकून कँपात मोटारी धुवायला आलेला. "आय अ‍ॅम सॉरी टु लीव्ह माय बुल," म्हणाला आणि मुंडाशाच्या शेवाने नाक पुसत बसला. बैल मागे सोडल्याचं दुःख तो आपल्या भाषेत कोणाला सांगणार होता? आणि केडगावचा गणपत शिंपी, ज्याचा भाऊ पलटणीबरोबर दर्यापार गेलाय. "आय अ‍ॅम अफ्रेड टु सी पोस्टमन." तुम्ही हळूच म्हणालात, "द पोस्टमन." तेवढीच दुरुस्ती.

मी आत चुलीपाशी हे सगळं ऐकत असे. कोणी 'टु' विसरलं की माझ्या हातून भांडं आपटायचं. मुद्दाम नव्हे हं. बरं, मुद्दाम!

पण एक विचारू? त्या सगळ्यांना विचारलंत, मला एकदाही नाही. भाकरी थापताना मी मनात किती वाक्यं केली असतील! एकदा तरी आत डोकावून म्हणायचं होतंत, "काय गं, तुझं काय?"

आणि तुमचं स्वतःचं? गणपतने एकदा धीर करून विचारलं होतं. "आय अ‍ॅम रेडी टु ईट," म्हणालात आणि वर्ग आटोपलात. खोटं नव्हतं ते, भाकरीचा वास सुटला होता. पण त्याच्या मागे दुसरं काही होतं का हो? मीही कधी विचारलं नाही. विषमज्वरात तुम्ही जे बडबडलात, त्यातलं तर एक अक्षर मला लागलं नाही. उशाशी बसून कान देऊन ऐकत होते मी, तरी नाही.

तर काल गणपत ओसरीवर उभा राहून म्हणाला, "बाई, मास्तर गेले आन् आमाला काई सुचंना झालंय. तुमी शिकवता का?"

भाऊजी खांबाला टेकून बसले होते, ते ताठ झाले. "अरे, काय बोलतोस? बाईमाणूस, त्यात हे असं झालेलं. लोक काय म्हणतील? आणि वहिनींना कुठलं इंग्रजी?"

"येतंय की! मास्तर सोता म्हनायचे, तुमचं चुकलं तर आतलं भांडं सांगंल."

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं! साऱ्या वर्गाला सांगितलंत आणि मला तेवढं नाही. असं कोणी करतं का? मला हसू आलं, आणि तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर रडूही आलं.

कोंडिबा मान खाली घालून म्हणाला, "बाई, मंग आज तुमचं वाक्य सांगा."

मी उंबऱ्याच्या आत होते. तोंडून निघून गेलं, "आय अ‍ॅम अफ्रेड टु लिव्ह अलोन." एकटीने राहायची भीती वाटते, हे मराठीत भाऊजींसमोर मी जन्मात बोलले नसते.

भाऊजी भिक्षुकीतले, त्यांना संस्कृत सगळं येतं पण इंग्रजीचा गंध नाही. "काय म्हणाल्या वहिनी?"

गणपतने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "काई न्हाई म्हाराज. हितंच ऱ्हाते म्हन्त्यात."

'अफ्रेड' म्हणजे काय, हे गणपतला सांगायची गरज आहे का? धडधडीत खोटं बोलला तो. मला दुरुस्ती करता आली असती. केली नाही. आणि गप्प राहिल्यावर उमगलं, की ते खोटंही नव्हतं. भीती वाटत होती आणि जायचंही नव्हतं, दोन्ही एकाच जिवाला.

भाऊजी आधी रागावले, मग विचारात पडले. सकाळी मोटारीत चढताना म्हणाले, "जड गेलं तर कळवा वहिनी. संकोच करू नका." भले आहेत ते. लोकांची तोंडं बंद व्हावीत म्हणून शेजारच्या कृष्णाकाकू जपमाळ घेऊन वर्गात येऊन बसणार आहेत. त्यांचं वाक्य मला आत्ताच ठाऊक आहे, "आय अ‍ॅम रेडी टु डाय." मी ते चालू देणार नाही. औषधाची वेळ चुकवत नाहीत त्या!

हे सगळं विनोदाने लिहितेय, पण आत्ता दुपार आहे आणि घरात फार एकटं वाटतंय. तांब्या खाली ठेवला तरी दचकायला होतं. बोलायला तोंड उघडावं, तर समोर कोणी नाही. हे असंच राहणार आहे, हे मला कळतं.

तर वचन देते. वर्ग मोडू देणार नाही. गणपत बायकोला आणतो म्हणालाय. तिला आत बसू देणार नाही, सगळ्यांच्या पुढे बसवीन आणि पहिलं वाक्य तिलाच विचारीन.

आणि एक वाक्य मी आज करून ठेवलंय. मराठीत म्हणायची अजून लाज वाटते, म्हणून तुमच्या रीतीने लिहिते. आय वॉज हॅपी टु बी युवर वाइफ.

बरोबर आहे का हो?

तुमची,
यमुना