विहिरीवरचं इंजिन

मानोरा,
१८ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप बाबांस,
तनुजाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. दादा फोनवर खुशाली सांगतो, पण त्याचं सांगणं म्हणजे 'बरं हाय, ठेवू का' एवढंच. तुमचे कान गेले म्हणून आपण पत्रं लिहायला लागलो आणि आता घरची खरी बातमी मला पत्रातूनच कळते. कानाचं मशीन तुम्ही पुन्हा डब्यात ठेवलंत म्हणे. त्यात नुसतं तेल तडतडल्यासारखं वाजत असेल तर राहू द्या. नसच मेली आहे, मशीनचा फार उपयोग होणार नाही, असं वाशिमचे डॉक्टरही म्हणाले होते.

माझं इथे बरं चाललंय. घरमालकीण मला इंजिनवाली बाई म्हणते, कारण मी दिवसभर तांड्यांवर फिरून लोकांच्या विहिरीवरची जुनी डिझेल इंजिनं बघत असते. आमच्या संस्थेकडे हेच काम आलं आहे. जुनं इंजिन द्यायचं आणि त्याच्या जागी सौर पंप घ्यायचा. बहुतेक खर्च सरकारच्या अनुदानातून होतो. एक अट आहे. जुन्या इंजिनाच्या ब्लॉकला साहेबांसमोर भोक पाडायचं, म्हणजे ते परत कधी चालणार नाही. नुसतं विकलं तर धूर या शिवारातून त्या शिवारात जातो, कमी कुठे होतो?

बाबा, रिसोड तालुक्यातही अर्ज सुरू झाले आहेत. आपल्या घरातून मी पहिली पदवी घेतली, तसा केनवडमधून पहिला अर्ज तुमचा जावा असं मला फार वाटतं. त्या इंजिनाने तुमचे कान नेले. हिवाळाभर तुम्ही खोकता. विहिरीजवळच्या लिंबाची पानंसुद्धा एका बाजूने काळी आहेत. आता पुरे झालं ना?

आई म्हणते, तुम्ही इंजिनाला जितका फडका मारता तितका हात दादाच्या पाठीवरून फिरवला असता तर तो दहावी पास झाला असता. हे आईचं म्हणणं आहे, माझं नाही.

थंडी पडली आहे, मफलर बांधत जा. माया आहे तशी असू द्यावी.

तुमची,
तनुजा

•

केनवड,
२७ नोव्हेंबर २०२४

चि. तनुजास,
गुलाबरावाचे अ. उ. आ.

पत्र पावले. तुह्या आईले वाचून दाखवलं. ती म्हणे, पाठीची गोष्ट पोरीनं कायले लिहिली. गजा दोन दिवस फुगून होता.

मेथी चांगली निघाली. सांबाराच्या हिरव्या जुड्या रोज केनवडच्या बाजारात जातात. वांग्यावर अळी हाय, पण हाताबाहेर गेली नाही.

इंजिनाचं वाचलं. तुहं म्हणणं खरं हाय. पण घाई काय? आपलं इंजिन एका हँडलात उठते. मी वाफ्यात पाणी सोडतो अन् बाजेवर पडतो. बाजेचा खूर इंजिनाच्या चौकटीले टेकलेला हाय. इंजिन कसं चालून राह्यलं ते मले पडल्या पडल्या समजते. पायाले समजते, पाठीले समजते. डिझेल सरत आलं का आधी समजते. बाकी तं काय, तुही आई तोंड हलवते अन् मी मान हलवतो.

गजा पाटीवर लिहून म्हणते, रिसोडच्या रऊफभाईच्या भंगारात एक मेलेलं इंजिन पडून हाय. तेच रंगवून साहेबापुढं ठेवू, त्याले भोक पाडू दे, अन् आपलं ठेवू गोठ्यात झाकून. दुसऱ्या तालुक्यात बऱ्याच जणांनी तसंच केलं म्हणे. रऊफभाई हासून म्हणाला, माह्या दुकानातलं हे इंजिन तीन गावात मेलं, भोक बुजवून रंग मारला का पुन्हा मराले तयार.

तू सांगशील तसं करू. तू शिकलेली हायेस.

जिवाले जप. आशीर्वाद तुह्यामागं हायेच.

तुहा बाप,
गुलाबराव

•

मानोरा,
५ डिसेंबर २०२४

तीर्थरूप बाबांस,
तनुजाचा शि. सा. न. वि. वि.

रऊफचाचांचं वाचून मी मोठ्याने हसले आणि मग हसू गेलं. बाबा, दादाचं ऐकू नका.

इथल्या एका तांड्यावर कमलीबाई म्हणून आहेत. नवरा ऊसतोडीला गेला की मळा एकट्या बघतात. इंजिनाच्या धुराने त्यांची छाती भरून येते, तरी त्यांचा योजनेवर विश्वास नाही. त्यांनी मला तोंडावर विचारलं, बाई, तुह्या बापानं दिलं का? मी म्हटलं, देणार आहेत. त्यावर म्हणाल्या, आधी त्यानं देऊ दे, मग मले सांग. दुसऱ्याले पाण्यात पाय टाकाले सगळेच सांगतात. आता मी त्यांना काय सांगू? बाबांनी भंगारातलं रंगवून दिलं, असं? मला खोटं बोलता येत नाही, आणि ते तुमच्यामुळेच. मेथीच्या जुडीत पिवळी पानं आत दाबायची नाहीत, हे मी शाळेत जायच्या आधी तुमच्याकडून शिकले.

पंप चालू आहे की बंद, याची तुम्हाला काळजी वाटते ते समजलं. त्याचा प्रश्नच नाही. नव्या पंपाच्या पेटीवर हिरवा दिवा असतो. चालू असला की तो लागतो. तेवढं बघितलं की झालं. तुम्हाला बाजेवरून दिसेल अशी पेटी बसवायला सांगा.

अर्जाचे कागद दादाच्या मोबाईलवर पाठवले आहेत. त्याला म्हणावं, रुसवा काढून सही तेवढी घे.

आईला नमस्कार. रागावला असाल तर रागवा, पण माया पातळ करू नका.

तुमची,
तनुजा

•

केनवड,
९ जानेवारी २०२५

चि. तनुजास,
गुलाबरावाचे अ. उ. आ.

काल इंजिन दिलं. आपलंच दिलं. गजा शेवटपर्यंत म्हणत होता, रऊफभाईचं आणतो. मी म्हटलं, पोरीले तिकडं मान खाली घालाची पाळी नाही आली पाहिजे.

साहेब आले. मले इंजिनाजवळ उभं करून फोटो काढला. भोक रऊफभाईनंच पाडलं, त्याच्याजवळ मशीन हाय. तुही आई म्हणते लय कर्कश आवाज झाला. तिनं कान झाकले. मी पाहून राह्यलो होतो. भोक मुठीएवढं हाय. आतून थोडं काळं तेल निघालं, ते जमिनीनं पेलं. मग टेम्पोत टाकून नेलं.

दुपारी जेवलो. वांग्याची भाजी होती.

पंपवाले लोक संक्रांतीनंतर येतो म्हणाले. तोपर्यंत शेजारच्या देवमनच्या विहिरीचं पाणी घेऊन राह्यलो. तो काही म्हणत नाही, माणूस चांगला हाय.

तुह्या कमलीबाईले सांगून दे. आशीर्वाद.

तुहा बाप,
गुलाबराव

•

मानोरा,
१७ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप बाबांस,
तनुजाचा शि. सा. न. वि. वि.

दादाने पंपाचा फोटो पाठवला! किती वेळा पाहिला असेल मी. पाण्याची धार काय जोरात पडते आहे. तुम्ही मात्र धारेकडे न बघता भलतीकडेच बघताय, लग्नात हारासाठी खोळंबलेल्या नवरदेवासारखे. दादाला म्हणावं, फोटो काढताना बाबांना हात करून बोलवायचं असतं.

संस्थेत सगळ्यांना दाखवला. आमच्या ताई म्हणाल्या, लोकांना सांगणारे पुष्कळ असतात, घरापासून सुरुवात करणारी तू एकटी. मला फार बरं वाटलं. कमलीबाईंनी मोबाईल हातात घेऊन फोटो उलटसुलट पाहिला. इंजिन खरंच फोडलं का, असं पुन्हा विचारलं. मी शपथेवर हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्जावर अंगठा दिला. होळीच्या आधी त्यांचं इंजिन निघेल.

तुमचं पत्र बरेच दिवसांत नाही. मळ्यात काम फार आहे का? दोन ओळी तरी लिहा. खोकला कमी झाला असेल, तेही कळवा.

मायेत उणं पडू देऊ नये, ही विनंती.

तुमची,
तनुजा

•

केनवड,
३ मार्च २०२५

चि. तनूस,
गजेंद्रचा आशीर्वाद.

मले पत्र लिहिता येत नाही हे तुले माहीत हाय. चुका काढत बसू नको. फोनवर सांगाले गेलो तं तू योजनेचंच बोलतेस, मधात शिराले जागा देत नाहीस. म्हणून लिहून राह्यलो.

पंपात काही खोट नाही. पाणी भरपूर हाय. धूर नाही. बाबाचा खोकला कमी हाय. हे सगळं तुह्या म्हणण्यासारखं झालं.

परवा मी मळ्यात गेलो तं पाणी बांध फोडून सांबारात घुसलं होतं. अर्धं वावर चिखल. बाबा बाजेवर बसून होते, पाण्याकडं पाठ करून. आपल्या मळ्यात असं कधी झालं नाही. मी पाटीवर लिहून विचारलं, दिसलं नाही का. म्हणाले, मले वाटलं बंद हाय. दिव्याचं विचारलं तं म्हणाले, दिव्याकडं पाहत राहिलं तरच दिवा दिसते, मी काय त्याचा चौकीदार हाय?

मग मी आईले विचारलं. आईनं सांगितलं ते मलेही माहीत नव्हतं. कान गेल्यापासून त्याईले एक इंजिनच ऐकू येत होतं. कानानं नाही, अंगानं. म्हणून ते जेवून लगेच मळ्यात पळत. आपल्याले वाटे, माणूस कामाचा लय हाय. आता मळ्यात जातात, बसतात, येतात. नव्या पंपाच्या पायपाले हात लावून पाहिला त्याईनं. गार लागते म्हणाले, बस.

घरी आई मिक्सर लावते तं ते उठून ओट्याजवळ येतात अन् ओट्यावर पंजा ठेवून उभे राहतात. चटणी वाटून झाली का जातात. काल आईनं भांड्यात काहीच नसताना मिक्सर फिरवला. मी पाहिलं. तिनं मले हातानं गप राह म्हटलं.

मी तुले बोल लावत नाही. मी रऊफभाईचं इंजिन देऊ म्हणत होतो ते काही बाबासाठी नाही, फुकटात दोन होतील म्हणून. मलेही काही समजत नव्हतं.

त्या भोकाचं काही होत नाही, बुजवलं तरी इंजिन उठत नाही, मी रऊफभाईले विचारून आलो. दुसरं जुनं इंजिन आणून नुसतं चालवू का, असं मी बाबाले पाटीवर विचारलं. त्याईनं पाटी पुसून टाकली. तनूचं नाव खराब होते म्हणाले.

तू ये एखादवेळी. आशीर्वाद.

तुहा दादा,
गजेंद्र

•

मानोरा,
१२ मार्च २०२५

तीर्थरूप बाबांस,
तनुजाचा शि. सा. न. वि. वि.

दादाचं पत्र आलं. त्याच्यावर रागावू नका. त्याला मी फोनवर सांगू देत नव्हते, म्हणून त्याने लिहिलं.

तुमचं नोव्हेंबरातलं पत्र काढून पुन्हा वाचलं. त्यात तुम्ही सगळं लिहिलं होतं. मी ते वाचून तुम्हाला हिरवा दिवा सांगितला. दोनदा लिहायला बसले आणि उठले. काल काय झालं, तेवढंच आज लिहिते.

काल कमलीबाईंचं इंजिन फोडायचं होतं. साहेब यायला वेळ होता. मी कमलीबाईंना म्हटलं, एकदा चालू करता का? त्या म्हणाल्या, आता कायले डिझेल जाळतेस? पण केलं. मी चपला काढून चौकटीवर उभी राहिले आणि दोन्ही कान बोटांनी दाबून धरले. कमलीबाई हसल्या, म्हणाल्या, पोरगी येडी झाली. मी उभीच राहिले. ते आधी तळपायात येतं, मग गुडघ्यात, मग दातात. कानात काहीच नसतं, तरी आपण एकटे नसतो. मग त्यांनी इंजिन बंद केलं. चौकट तीच होती, माझे पाय तेच होते. काहीच नव्हतं.

साहेब आले. कमलीबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, तुह्या बापाले आता बरं हाय ना? पस्तावला तं नाही? त्यांच्या छातीत घरघर चालली होती, मला उभ्या जागी ऐकू येत होती. मी म्हटलं, बरं आहे, पस्तावले नाहीत. त्या म्हणाल्या, मग होऊ दे.

भोक पडलं. साक्षीदार म्हणून मी सही केली. अक्षर नेहमीसारखंच आलं. मला वाटलं होतं वाटेत रडू येईल, पण आलं नाही. खोलीवर आले, कपडे धुतले, कामाचा अहवाल लिहिला. घरमालकिणीने दोनदा हाक मारली म्हणे, मला कळलीच नाही.

कमलीबाईंना पंप मिळेल आणि त्यांची छाती मोकळी होईल. ते चांगलंच आहे. मी पुढेही लोकांना हेच सांगणार आहे, कारण ते खरं आहे. पण माझे बाबा कसे आहेत असं कोणी विचारलं तर काय सांगायचं, ते मला तुमच्याकडूनच ऐकायचं आहे. काल मी तुमच्या वतीने परस्पर सांगून टाकलं.

पाडव्याला येते. माझं नाव खराब होईल म्हणून तुम्ही काही सोसू नका, असं लिहिणार होते. पण जे सोसायचं ते तुम्ही सोसून झालं आहे.

माया असू द्यावी असं मी दर पत्रात सवयीने लिहीत आले. आज ते मागताना हात थांबला. तरी असू द्यावी.

तुमची,
तनुजा